कोल्हापुरात राहून स्कायडायव्हिंग: पहिला रिग निवडताना आणि बांधताना

कोल्हापुरात राहून स्कायडायव्हिंग करणाऱ्याला उडी मारण्यासाठी गाव सोडावेच लागते. कोणी हरियाणात नारनौलला जातो, कोणी थायलंड, दुबई किंवा स्पेनमध्ये प्रशिक्षण पूर्ण करतो, आणि परवाना हाती आला की पुढच्या सुटीची वाट पाहत घरी परततो. स्वतःचे साहित्य घ्यावे ही इच्छा साधारण याच टप्प्यावर जोर धरते. मलाही त्या वेळी पुष्कळ सल्ले मिळाले. ते बहुतेक दर शनिवार-रविवारी उड्या मारणाऱ्यांचे होते आणि त्यांच्यापुरते योग्यही होते. आपली स्थिती वेगळी आहे. आपण काही दिवस सलग उड्या मारतो आणि मग कित्येक महिने जमिनीवर असतो. म्हणून नव्या जंपरला माझे सांगणे असे, की साहित्य निवडताना आपल्या सर्वांत चांगल्या उडीचा विचार करू नये. दीर्घ खंडानंतरच्या पहिल्या उडीत जे आपल्याला सांभाळून घेईल, तेच घ्यावे.

पाठीवर जे संपूर्ण ओझे असते त्याला ‘रिग’ म्हणतात. त्यात अंगावर चढवण्याचा पट्ट्यांचा हार्नेस, त्याला जोडलेले कंटेनर म्हणजे पाठपिशवी, नेहमी उघडायची मुख्य कॅनॉपी (पॅराशूटचे कापडी छत्र), संकटात उघडायची रिझर्व्ह कॅनॉपी आणि ठरावीक उंचीवर रिझर्व्ह आपोआप उघडणारे ‘एएडी’ हे यंत्र एवढे भाग येतात. हे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असू शकतात, त्यामुळे ते एकमेकांना आणि आपल्याला बसतात की नाही हे आधी पाहावे लागते. रंग आणि नक्षी यांचा विचार अगदी शेवटी करावा.

सुरुवात मुख्य कॅनॉपीच्या आकारापासून करावी, कारण पाठपिशवीचे माप त्यावर ठरते. आकार ठरवण्यासाठी ‘विंग लोडिंग’ काढतात: कपडे, हेल्मेट आणि रिगसह आपले एकूण वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला कॅनॉपीच्या चौरस फुटांतील क्षेत्रफळाने भागायचे. समजा, एखादीचे वजन ५८ किलो आहे आणि सगळ्या साहित्याचे मिळून १२ किलो होतात, तर विमानातून बाहेर पडताना तिचे वजन ७० किलो, म्हणजे सुमारे १५४ पौंड असते. १९० चौरस फुटांच्या कॅनॉपीखाली हे गुणोत्तर ०.८१ येते, १७० खाली ०.९१ आणि १५० खाली १.०३. नव्या जंपरसाठी ते १ किंवा त्याहून कमी असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझ्या मते या तिघींतून निवडताना तिने १९० घ्यावी आणि पहिला हंगाम तिच्यावरच काढावा. १७० वर उतरणे तिला अवघड जाईल असे नाही, पण सहा महिन्यांच्या खंडानंतर, दुपारच्या आडव्या वाऱ्यात, शेवटच्या क्षणी समोर कोणी आडवे आले तर तिला जो अर्धा सेकंद जास्त लागेल, तो मोठ्या कॅनॉपीखाली मिळतो.

या हिशोबाची एक मर्यादा मात्र सडपातळ माणसांनी लक्षात ठेवायला हवी. दोन कॅनॉपींचे गुणोत्तर सारखे असले तरी लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे ती अधिक चटकन वळते आणि वळणात अधिक वेगाने खाली येते. १२० चौरस फुटांखाली गुणोत्तर १ असणे आणि १९० खाली १ असणे, यांत मोठा फरक आहे. ज्याचे वजन कमी आहे त्याने केवळ आकडा १ येतो म्हणून लहान कॅनॉपी घेऊ नये.

उंची आणि उष्णता यांचाही परिणाम होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर एप्रिलच्या दुपारी तापमान ३५ अंश असेल, तर समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या प्रमाणित हवेपेक्षा हवा बारा-तेरा टक्के विरळ असते आणि तीच कॅनॉपी जवळपास सात टक्के अधिक वेगाने उतरते. समुद्रकाठच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, शिकलेल्या माणसाला पठारावरच्या ड्रॉपझोनवर आपली ओळखीची कॅनॉपी अचानक वेगाने धावणारी वाटते, त्याचे हेच कारण आहे. खरेदीपूर्वी आपण पुढची दोन वर्षे बहुधा कोठे उड्या मारणार आहोत याचा विचार करावा, तो त्यासाठी.

कॅनॉपी सात किंवा नऊ कप्प्यांची असते. नऊ कप्प्यांची कॅनॉपी लांबवर तरंगत जाते आणि उतरताना चांगला फ्लेअर देते (शेवटच्या क्षणी ब्रेक ओढून वेग चांगला मोडता येतो), तर सात कप्प्यांची साधारणपणे अधिक शांतपणे उघडते आणि थोड्या जास्त उभ्या उताराने खाली येते. परफॉर्मन्स डिझाइन्सची सेबर किंवा एरोडाइनची पायलट अशा नऊ कप्प्यांच्या कॅनॉपी मोठ्या आकारात नव्या माणसाला चालतात. आकार योग्य असेल, तर नाममुद्रेवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

कापडाबद्दल मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. इचलकरंजीत माझ्या मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. कॅनॉपीच्या कापडाचा एक तुकडा मी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो आधी उजेडाकडे धरला, दोन बोटांत चोळला आणि मग तोंडाला लावून जोरात फुंकर मारली. “ह्यातनं वाराच जाईना की गं,” एवढेच ते म्हणाले. या कापडाचे सगळे मर्म तेच आहे. आजची चौकोनी कॅनॉपी १९६० च्या दशकात डोमिना जाल्बर्ट यांनी मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे: पुढच्या उघड्या तोंडातून हवा कप्प्यांत शिरते, आतल्या दाबामुळे कापडाला पंखाचा आकार येतो, आणि तो आकार टिकायचा तर हवा कापडातून झिरपून चालत नाही. म्हणून मुख्य कॅनॉपीसाठी सिलिकॉनचा लेप दिलेले, हवा जवळजवळ न झिरपू देणारे ‘झेडपी’ नायलॉन वापरतात. ताण्यात आणि बाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असल्याने फाटलेले कापड पुढे फाटत जात नाही, हे मामांनी माझ्याआधी ओळखले. जुन्या पद्धतीच्या ‘एफ-१११’ प्रकारच्या कापडातून थोडी हवा जाते आणि वापराबरोबर ती वाढत जाते. अशा कापडाची खूप वापरलेली मुख्य कॅनॉपी स्वस्तात मिळाली तरी तिचा फ्लेअर दुबळा झालेला असतो. रिझर्व्हसाठी मात्र आजही याच प्रकारचे कापड असते. ते कमी गुळगुळीत असल्याने नीट घडी बसते, आणि रिझर्व्ह क्वचितच उघडत असल्यामुळे त्याची झीजही कमी होते.

दोऱ्यांकडेही तितकेच लक्ष द्यावे. डॅक्रॉनच्या दोऱ्या जाड आणि किंचित ताणणाऱ्या असतात, म्हणून उघडतानाचा झटका त्या सौम्य करतात, पण पिशवीत जागा अडवतात. स्पेक्ट्राच्या दोऱ्या बारीक असतात. स्लायडर (दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडी चौकोन) खाली घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने त्या हळूहळू आकसतात, आणि हातांनी ओढायच्या ब्रेकच्या दोऱ्या सर्वांत जास्त आकसल्यामुळे कॅनॉपीचा तोल बिघडतो. वापरलेली कॅनॉपी घेताना दोऱ्यांची लांबी कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक असते, आणि ते काम रिगरकडूनच, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडूनच, करून घ्यावे.

आता हार्नेस. माझ्या मते पैशांपेक्षाही जास्त काळजी येथे घ्यावी. खांद्याजवळच्या तीन कड्यांपासून मांडीच्या पट्ट्याच्या जोडापर्यंत जो उभा पट्टा जातो, त्याची लांबी आपल्या धडाच्या लांबीशी जुळली पाहिजे. तो लांब असेल तर कॅनॉपी उघडल्यावर सगळा हार्नेस वर सरकतो, छातीचा पट्टा गळ्याशी येतो, कटअवेचे (मुख्य कॅनॉपी सोडून देण्याचे) आणि रिझर्व्हचे हँडल सरावाच्या जागी सापडत नाहीत आणि ब्रेकचे टॉगल, म्हणजे मुठी, हाताला दूर जातात. आखूड असेल तर नीट कमान करून पडता येत नाही. बुटक्या बांध्याच्या मुलींना हा त्रास अधिक होतो, कारण बाजारातले बरेचसे वापरलेले रिग उंच पुरुषांसाठी शिवलेले असतात. उभ्या उभ्या आरशात पाहून माप कळत नाही. ड्रॉपझोनवर प्रशिक्षणासाठी जो टांगता हार्नेस असतो, तेथे आपला रिग अडकवून त्यात लोंबकळावे, मांड्यांचे पट्टे घट्ट करावेत, डोळे मिटून दोन्ही हँडल धरून पाहावीत आणि हात वर करून टॉगलपर्यंत सहज पोहोचता येते का ते तपासावे. नायलॉनचे पट्टे वापराने सैल होऊन अंगाला बसतील, अशी आशा धरू नये.

आपल्याकडे चामडे आणि कॅनव्हास शिवणारे इतके उत्तम कारागीर आहेत, की पट्टा थोडा आखूड करून घ्यावा असे कोणालाही वाटेल. तसे कधीही करू नये. हार्नेस, पाठपिशवी आणि रिझर्व्ह यांना टीएसओ सी-२३ या अमेरिकी मानकाची किंवा त्यासारखी मान्यता असते. तिच्यात दोरा, टाक्यांची संख्या आणि टाक्याचा नमुना हे सगळे ठरलेले असते, आणि हे शिवण बदलण्याचा अधिकार पात्र रिगरलाच असतो. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून आलेल्यांसाठी याच ओघात आणखी एक गोष्ट सांगते: पॅराग्लायडरचा पंख किंवा त्याची रिझर्व्ह स्कायडायव्हिंगमध्ये वापरता येत नाही. ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने पडताना उघडण्याचा ताण सोसण्यासाठी ती बनवलेलीच नसतात.

कपड्यांचा प्रश्नही हार्नेसशीच जोडलेला आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा आपल्याकडे सर्वांनी ते चित्र कौतुकाने पाहिले. मला त्यात पदराइतकीच त्यामागची तयारी महत्त्वाची वाटते. कापडाचा सैल भाग हँडलवर, पायलट शूटवर (मुख्य कॅनॉपीला बाहेर ओढून काढणाऱ्या छोट्या पॅराशूटवर) किंवा पट्ट्यांच्या बकलांत येऊ नये म्हणून काय काय बांधावे लागते, हे त्या वाटेने गेलेल्यालाच ठाऊक. नव्या माणसाने टोपीचे जॅकेट, ओढणी आणि सैल झब्बा घरीच ठेवावा.

रिझर्व्ह लहान घेतली की पाठपिशवी सुबक दिसते, या मोहात अनेक जण पडतात. रिझर्व्हखाली आपण ओळखीच्या मैदानावर उतरूच असे नाही. ऊस, विजेच्या तारा, घरे यांच्यामध्ये उतरावे लागेल, आणि एएडीने ती उघडली असेल तर आपण शुद्धीवर असूच असेही नाही. म्हणून रिझर्व्हचा आकार मुख्य कॅनॉपीच्या जवळपास ठेवावा आणि तिच्यावर छापलेली कमाल वजनमर्यादा वाचावी.

एएडीशिवाय उडी मारण्याचा विचार आपल्यासारख्यांनी करू नये. जर्मनीत तयार झालेले सायप्रेस हे यंत्र १९९१ साली आले. त्याचा अनुभवी जंपरसाठीचा प्रकार आपण सुमारे २२५ मीटरवर येऊनही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा अधिक वेगाने पडत असू, तर रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरीचा लूप कापतो. पोटावर पडण्याच्या नेहमीच्या वेगाने त्या उंचीवरून जमीन अवघी चार सेकंदांवर असते. यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखते आणि चालू करताना जमिनीचा दाब शून्य धरते, त्यामुळे ते घरी चालू करून पिशवीत टाकू नये; ज्या मैदानावरून उड्डाण आणि जेथे उतरणे आहे, तेथेच चालू करावे. मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटरही तेथेच शून्यावर आणावा. मुख्य कॅनॉपी सोडून दिल्याबरोबर रिझर्व्हच्या लूपमधली पिन ओढणारा ‘आरएसएल’ हा पट्टा नव्या जंपरने जोडलेलाच ठेवावा. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात शोधलेली तीन कड्यांची रचना कॅनॉपीचा मोठा भार एका छोट्या लूपवर पेलते आणि एका ओढीत सोडते. ती कडी महिन्यातून एकदा सोडवून, रायझरचे, म्हणजे दोऱ्यांना हार्नेसशी जोडणारे, पट्टे हातांनी वाकवून मऊ करावेत. रिग कपाटात पडून असला तरी हे काम चुकवू नये, कारण एकाच घडीत राहिलेला पट्टा ताठर होतो.

वापरलेला रिग घेण्यात काही वावगे नाही. उलट पहिला रिग वापरलेलाच घ्यावा, कारण दोन-तीन हंगामांनी आपण कॅनॉपी बदलण्याची शक्यता असते आणि नवा शिवून यायला काही महिने लागू शकतात. एएडीचे आयुष्य किती उरले आहे ते मात्र आधी विचारावे, कारण ते संपत आलेले असेल तर स्वस्त रिग महाग पडतो. पाठपिशवी दोन लगतच्या आकारांच्या कॅनॉपी सामावणारी असली तर उत्तम. खूप मोठ्या पिशवीत लहान कॅनॉपी बांधली तर लूपला ताण राहत नाही आणि पिन अवेळी निघण्याचा धोका असतो. लहान पिशवीत मोठी कोंबली तर पिन ओढायला जड जाते.

बांधणी, म्हणजे पॅकिंग, हा नव्या माणसाचा सर्वांत मोठा धसका असतो, आणि त्याचे बरेचसे कारण चुकीच्या जागी लक्ष हे आहे. घसरणाऱ्या झेडपी कापडाशी झटापट करून ते पाठपिशवीत जाणाऱ्या आतल्या छोट्या पिशवीत कोंबताना घाम निघतो, म्हणून कापडाची सुबक घडी हेच पॅकिंग असे वाटू लागते. कापडात सुरकुत्या राहिल्या तरी कॅनॉपी उघडते. दोऱ्या, स्लायडर, ब्रेक आणि पायलट शूट यांत मात्र हयगय चालत नाही. म्हणून मी प्रथम रायझरपासून कापडापर्यंत दोऱ्या सरळ आहेत, कोठे पीळ वा फेरा नाही हे हाताने चाळून पाहते. मग दोन्ही ब्रेक अडकवून उरलेली दोरी खोचते; एक ब्रेक सुटा राहिला तर कॅनॉपी उघडताच गरगर फिरू लागते. त्यानंतर खांद्यावर कॅनॉपी घेऊन पुढची तोंडे मोजते, दोऱ्यांचे गट मध्यभागी ठेवून कापड चारही बाजूंना मोकळे करते, आणि स्लायडर अगदी वर, अडसरांना टेकलेला आहे याची खात्री करते. स्लायडर म्हणजे चार कोपऱ्यांना कड्या असलेला कापडी चौकोन. वरून खाली येताना तो हवेला अडवून कॅनॉपीचे उघडणे लांबवतो. तो खाली घसरलेला राहिला तर जो झटका बसतो, त्याने मान आणि कापड दोन्हींना इजा होऊ शकते.

कापड या आतल्या पिशवीत गेल्यावर दोऱ्या रबर बँडांत एकेक करून अडकवायच्या असतात. प्रत्येक फासा दोन-तीन इंचांचा आणि घट्ट असावा, नाहीतर दोऱ्या एकदम सुटतात आणि कॅनॉपी आदळल्यासारखी उघडते. येथे दुकानातले साधे रबर बँड वापरू नयेत. या कामाचे बँड ठरावीक ताणाला तुटावेत असे बनवलेले असतात, आणि न तुटणारा बँड पिशवी बंदच ठेवू शकतो. आपल्या उन्हाळ्यात हे बँड कोरडे पडून चिरतात, म्हणून दर हंगामाला सगळे नवे घालावेत. शेवटी पायलट शूट ‘कॉक’ केले, म्हणजे फुगायला तयार ठेवले आहे का, हे ब्रायडलवरच्या (त्याला आतल्या पिशवीशी जोडणाऱ्या पट्टीवरच्या) छोट्या खिडकीत रंग दिसतो की नाही यावरून पाहावे. ते राहून गेले तर पायलट शूट फुगत नाही, मागे नुसते फरफटत राहते आणि मुख्य कॅनॉपी पिशवीतच अडकते. पाठपिशवी बंद ठेवणारा क्लोजिंग लूप तुसे निघालेला दिसला की त्याच क्षणी बदलावा; इतक्या स्वस्त वस्तूवर इतके अवलंबून असलेले दुसरे काही या रिगमध्ये नाही.

सराव घरी करता येतो, आणि माझ्या मते खंडानंतर ड्रॉपझोनवर जाण्यापूर्वी तो करावाच. जमीन वीसएक फूट लांब, गुळगुळीत आणि सावलीत हवी. गच्चीचा सिमेंटचा पृष्ठभाग कापड घासतो आणि ऊन नायलॉनची ताकद खाते, म्हणून गच्ची टाळावी. आमच्या भागातील एका मंगल कार्यालयाचे सभागृह लग्नतिथी नसताना मला मिळते. तेथे चादरी अंथरण्यापूर्वी अक्षता, तेलाचे डाग आणि टाचण्या यांसाठी जमीन नीट पाहून झाडून घ्यावी लागते. घरच्या सरावाने हात बसतो. पण खंडानंतरची पहिली प्रत्यक्ष बांधणी रिगर किंवा प्रशिक्षकाला दाखवूनच त्या रिगने उडी मारावी. उडीच्या दिवशी रिगची तपासणी अंगावर चढवण्यापूर्वी, विमानात चढण्यापूर्वी आणि दार उघडण्यापूर्वी अशी तीनदा करावी, आणि नंतरच्या दोन्ही वेळा छातीचा पट्टा बकलातून परत ओवलेला आहे का, हे बोट लावून पाहावे.

उरतो पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात, आणि रिग तेव्हा घरीच असतो. तो पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये, भिंतीला टेकवू नये, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये, कारण आम्लाचा एक थेंब किंवा वाफसुद्धा नायलॉनचा घात करते आणि ते नुकसान नेहमी डोळ्यांना दिसते असेही नाही. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या भागातील मंडळींनी रिग वरच्या मजल्यावरच ठेवावा. पुराचे पाणी लागलेला रिग घरी धुऊन वाळवून वापरात आणू नये. तो तसाच रिगरकडे न्यावा.

रिझर्व्ह आपण बांधायची नसते. ती पात्र रिगर बांधतो, लाल दोऱ्याने आणि शिक्क्याने बंद करतो आणि तारीख नोंदवतो. अमेरिकेत २००८ पासून ही मुदत १८० दिवसांची आहे. इतर देशांत ती वेगळी असते, म्हणून आपण जेथे उडणार तेथला नियम विचारून घ्यावा. १८० दिवस धरले आणि मे महिन्यात रिझर्व्ह बांधून घेतली, तर मुदतीचा मोठा भाग पावसातच संपतो आणि दिवाळीनंतर उडायला जाताना कागद कालबाह्य झालेला किंवा व्हायला आलेला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांधून घेतली, तर ती एप्रिल संपेपर्यंत पुरते. कोल्हापुरात रिगर नसल्याने रिग कुरिअरने पाठवावा किंवा स्वतः घेऊन जावे लागते. मी स्वतः नेणे पसंत करते, कारण त्याच भेटीत दोऱ्यांचे मोजमाप, तीन कडी आणि एएडीची मुदत रिगरसमोर बसून तपासता येते. त्याची वेळ ऑक्टोबरमध्येच फोन करून ठरवावी, कारण हंगाम सुरू होताना सगळ्यांचीच घाई असते.